मागचा गळा बंद

१

"सत्य फार दिवस लपून राहत नाही. ते एक ना एक दिवस कागदावर येतंच, आणि एकदा कागदावर आलं की कुणाच्या बापाला ते पुसता येत नाही."

हे गंभीर उद्गार तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातले विस्तार अधिकारी शरदचंद्र यांनी काढले, तेव्हा ते उपकेंद्रातल्या लोखंडी कपाटासमोर उभे होते. कागद कपाटात होते. कपाटाची किल्ली फेब्रुवारीपासून सापडत नव्हती आणि आता एप्रिल संपत आला होता.

उपकेंद्राच्या गावाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. कासार आंबोलीपासून ते फार लांब नाही एवढं पुरे. बाकी आसपासच्या गावांनी एकमेकांवर संशय घ्यावा.

साधना टेबलाच्या अलीकडे उभी होती. स्वतःच्याच खुर्चीसमोर असं उभं राहण्याची तिची ही पहिली वेळ. ती इथली समुदाय आरोग्य अधिकारी. म्हणजे डॉक्टर नाही, आणि नुसती नर्सही नाही. नर्सिंगची पदवी, वर सहा महिन्यांचं प्रशिक्षण, आणि सरकारने हातात दिलेली एक यादी: हे आजार तुम्ही बघायचे, त्यांची औषधं तुम्ही लिहायची, बाकीचे वर पाठवायचे. गावाने ही भानगड आपल्यापुरती सोडवून टाकली होती. गुण आला की ती डॉक्टर, नाही आला की सिस्टर. आज सकाळपासून ती सिस्टर होती.

तक्रार गावातल्या कोंडिबाने केली होती. सदर मॅडम डॉक्टर नसताना त्यांनी माझी मुलगी वैष्णवी हिच्या केसपेपरवर कोड असे लिहिले, सदर कागद बाहेर फुटला, आणि माण येथे ठरलेले लग्न बारा दिवसांवर आले असता मोडले, तरी मॅडमना योग्य ती शिक्षा व्हावी.

कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. दुखत नाही, खुपत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पण लग्न ठरवताना त्याचं नाव नुसतं कानावर पडलं तरी समोरच्या घरातली माणसं चहा अर्धा टाकून उठतात.

"मी कोड लिहिलेलं नाही," साधना म्हणाली. "तिला शिबं आहे. उन्हाळ्यात घामाने होतं, बुरशीचं. मी मलम लिहून दिलं. आणि आजाराचं नाव मी इंग्रजीत लिहिते, मराठीत नाही."

शरदचंद्रांनी तक्रारीतला 'सदर' हा शब्द लाल पेनाने दोनदा खोडला. त्यांना अवघड शब्दांचा राग होता. जानेवारीतल्या मराठी पंधरवड्यात सोप्या मराठीसाठी त्यांना प्रशस्तिपत्रक मिळालं होतं, आणि तेव्हापासून ते समोर येईल तो कागद सोपा करत सुटले होते.

"मॅडम, कोड तुमच्या यादीत नाही," ते म्हणाले. "लिहिलं असेल तर तुम्ही हद्द ओलांडली. तुमचा करार तीस तारखेला संपतो. मी शिफारस केली तर पुढचे अकरा महिने, नाही केली तर नाही. नसेल लिहिलं तर कागद दाखवा."

"केसपेपर पेशंटबरोबर जातो, सर. वैष्णवी म्हणते तिचा हरवला."

"हरवलेला नाही." शरदचंद्रांनी पेनाला टोपण लावलं. "तो मुलाच्या आईकडे आहे. धोंडाबाईंकडे. गुरुवारी अकरा वाजता त्या तो घेऊन इथे येतायत. खाली तुमची सही आहे म्हणे."

२

सोमवार दुपार होती. गुरुवारला दोन दिवस आणि काही तास उरले होते.

साधनाने भिंतीकडे बघितलं. तिथे तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला तक्ता होता, कारण सरकारी यादी बारीक अक्षरात होती आणि तिला चाळिशीचा चष्मा पस्तिशीतच लागला होता. रक्तदाब दोन नंबर, मधुमेह तीन, गजकर्ण तेरा, शिबं चौदा, खरूज पंधरा. प्रत्येक पेशंटच्या कागदावर नंबर टाकायचा, मग आजार, मग औषध. फेब्रुवारीपासून नवे छापील कागद आले होते. ती त्यातल्या रिकाम्या जागा भरत होती. छापलेला मजकूर सरकारी माणूस वाचत नाही. तो लिहिण्यासाठी नेमलेला असतो.

वैष्णवीचा दिवस तिला नीट आठवत होता. पाठीवर मानेखाली फिकट ठिपके, एकमेकांत मिसळलेले. साधनाने काचपट्टीच्या कडेने हलकेच खरवडलं तर बारीक कोंडा पडला. कोड असतं तर कोंडा पडला नसता. मलम दिवसातून दोनदा लाव, तीन आठवडे, असं तिने सांगितलं, आणि एक गोष्ट बजावून सांगितली: बुरशी जाईल, पण रंग परत यायला दोन-तीन महिने लागतील, घाबरून जाऊ नकोस. वैष्णवी म्हणाली होती, "म्हणजे लग्नात दिसणार."

तेव्हा खोलीत तिघीच होत्या. साधना, वैष्णवी आणि आशा कार्यकर्ती शबनूर.

"माझ्याकडं बगू नका, म्याडम," शबनूर औषधाची पेटी पुसत म्हणाली. "कुनाच्या घरात काय चाललंय ते मला समदं ठावं असतंय. पर मी बोलायला लागले तर ह्या गावात एक बी लगीन व्हनार न्हाई. व्हतायत न्हवं? मग."

या युक्तिवादात खोट काढणं अवघड होतं. वर तिने स्वतःचा संशय सांगितला. मेडिकलवाला निरंजन. वैष्णवीने मलम त्याच्याकडून घेतलं, कारण उपकेंद्रातलं संपलं होतं. म्हणजे कागद त्याच्या हातात गेला. आणि त्याचा साधनावर राग आहे, हे तर रस्त्यावरच्या टेंपोवाल्यांनाही माहीत आहे.

मग शबनूरने नेहमीप्रमाणे गावाचा अहवाल दिला. कुणाचं बाळ दूध पीत नाही, कुणाचं इंजेक्शन राहिलंय. मासळी विकणाऱ्या भैरूच्या घरी खरजेचं औषध सगळ्यांनी एकाच संध्याकाळी मानेपासून तळपायापर्यंत लावलं, म्हातारीने सुद्धा. खाज उतरली. पण भैरू बिघडलाय. त्याने दुधाचा चहा सोडलाय. काळा पितो, आणि विचारलं की तोंड फिरवतो.

"काळा चहा पिऊ दे की," साधना म्हणाली. तिला आत्ता भैरूच्या चहाशी काही देणंघेणं नव्हतं. ही तिची चूक होती.

३

निरंजनचं मेडिकल पौड रस्त्याला लागून होतं. वीकेंडच्या बंगलेवाल्यांसाठी काचेचं दार, गावासाठी बाजूची खिडकी. साधना दारातून आत गेली, त्याचं त्याला वाईट वाटलं.

त्यांच्या वैराचं कारण होतं एक मलम. गजकर्ण असो, मुरूम असो, काळा चेहरा असो, निरंजन एकच ट्यूब द्यायचा. तिच्यात तीन औषधं एकत्र, त्यातलं एक स्टिरॉइड. लावलं की खाज चार दिवसांत गायब, लोक खूश. मग बंद केलं की गजकर्ण दुप्पट होऊन उगवायचं आणि चामडी कागदासारखी पातळ व्हायची. साधनाने वर्षभर घरोघर सांगून ती ट्यूब बंद पाडली होती. निरंजनच्या मते तिने एका सुखी संसारात माती कालवली होती.

"या मॅडम," तो म्हणाला. "ऐकलं मी. वाईट झालं. आता बघा, तुम्ही डॉक्टर नाही, मी डॉक्टर नाही. आपण दोघं एकाच गल्लीतले. फरक एवढाच, की मी लिहून देत नाही. नुसतं देतो. त्यामुळे माझी चौकशी होत नाही."

"वैष्णवीचा कागद तू पाहिलास?"

"पाहिला. त्यात लिहिलेलं मलम दिलं. माझं अर्ध्या भावाचं नुकसान करून दिलं."

"त्यावर कोड असं लिहिलं होतं?"

निरंजन हसला, पण लगेच थांबला. तो लबाड होता, खोटारडा नव्हता. धंद्यात या दोन्हींत फरक करावा लागतो. "तुमच्या अक्षरात? मॅडम, तुमच्या अक्षरात मला फक्त मलमाचं नाव लागतं, तेसुद्धा सवयीने. लिहिलेलं कोड मी पाहिलं नाही. पण गुरुवारी मला बोलावलं तर मी येणार नाही. मला कुणाची बाजू घ्यायची नाही, आणि तुमची तर नाहीच."

बाहेर पडता पडता त्याने मागून एक वाक्य सोडलं. कागद त्याने वैष्णवीला परत दिला होता, आणि तिने तो त्याच्यासमोर पर्समध्ये ठेवला होता. "तुम्ही चोर शोधताय," निरंजन म्हणाला. "पण तिच्या पर्समध्ये हात घालणारी माणसं या गावात नाहीत. ती तिच्या ऑफिसात असतील, नाहीतर तिच्या घरात."

४

वैष्णवी हिंजवडीच्या बाजूला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला होती. मंगळवारी दुपारी ती माणच्या एका चहाच्या टपरीवर भेटली. डोळे सुजलेले होते, पण रागाने.

तिने तक्रार केली नव्हती. तक्रार बाबांची होती. बाबांना कुणावर तरी ओरडायचं होतं आणि सरकार हे त्यांच्या ओळखीतलं सगळ्यात मोठं माणूस होतं. ती पुण्याला त्वचेच्या डॉक्टरकडेही जाऊन आली होती. त्याने चाळीस सेकंदांत शिबं म्हणून सांगितलं आणि साधनाचंच मलम चालू ठेवलं. ते पत्र तिने धोंडाबाईंना पाठवलं. उत्तर आलं, पत्रं पैसे दिले की मिळतात, आमच्याकडे सरकारी कागद आहे.

"कागद कुणाला दाखवलास?"

"कुणालाच नाही, ताई. आई सुद्धा म्हणाली, लग्नापर्यंत कुणाकडे बोलू नकोस. मी इंद्रजितला पण नाही सांगितलं." इंद्रजित म्हणजे नवरा मुलगा. त्याचा फोन गेले पाच दिवस बंद होता.

"धोंडाबाईंशी तुझं काही बोलणं?"

"साखरपुड्यानंतर एकदाही नाही. बस्त्याला मी गेले नव्हते, रजा नव्हती. शालू त्यांनीच घेतला, त्यावरचं ब्लाउज शिवायला त्यांच्याच टेलरकडे टाकलं. मापाचं ब्लाउज मी पिशवीतून पाठवून दिलं, तेवढाच संबंध." ती चहाच्या कपाकडे बघत राहिली. "तुमची नोकरी जाईल का?"

साधनाने खरं ते सांगितलं. जाऊ शकते.

वैष्णवीने मग पुण्याच्या डॉक्टरचा नंबर दिला, गुरुवारी फोनवर बोलतील म्हणून. लिहायला कागद नव्हता. तिने पर्समधून लाइटबिल काढलं, उलटं केलं, आणि पाठकोऱ्या बाजूवर सुरेख अक्षरात नंबर लिहून साधनाच्या हातात दिलं.

"बिल भरायचंय ना तुला?"

"ऑनलाइन भरलंय. मी सगळं असंच मागच्या बाजूला लिहिते. बाबांची शिस्त. पाठकोरा कागद टाकायचा नाही."

साधनाने बिलाची घडी घालून पिशवीत टाकली. डॉक्टरने मात्र फोनवर सांगितलं की गुरुवारी ते परगावी आहेत, आणि सरकारी चौकशीत ते फोनवर बोलत नसतात.

५

धोंडाबाईंचं घर माणमध्ये. एके काळी समोर भाताची खाचरं होती. आता तीन मजले आणि सव्वीस खोल्या, प्रत्येक खोलीत दोन-दोन पोरं लॅपटॉप घेऊन. धोंडाबाई खाली ओट्यावर खुर्ची टाकून बसत. कोण कधी आलं, कुणाच्या पाहुण्याने रात्र काढली, हे त्यांना विचारावं लागत नसे. चौथी पास होत्या, पण वाचायचा सोस दांडगा. भाडेकरूंची कुरिअरची पाकिटं त्या पहिल्यांदा स्वतः वाचत.

साधना बुधवारी सकाळी गेली. हे करायला नको होतं. ज्याच्यावर चौकशी आहे त्याने साक्षीदाराकडे जायचं नसतं, असं कुठल्यातरी परिपत्रकात असणारच. पण कागद उद्या टेबलावर येणार होता, आणि कुणीतरी तिच्या सहीच्या वर काय लिहून ठेवलंय हे तिला माहीत नव्हतं.

"बसा," धोंडाबाई म्हणाल्या. "चहा टाकते. पर कागूद मागू नका. तो उद्या सायबाच्या हातात द्यायचा हाय."

"मावशी, मी तो बघायलाही मागत नाही. त्यावर काय आहे तेवढं सांगा."

"काय म्हंजे? कोड. तुमाला ठावं न्हाई व्हय? सरळ छापलंय की. वर पोरीचं नाव, खाली कोड. त्ये बी एका जागी न्हाई. चौदा ठिकानी."

वैष्णवीच्या पाठीवरचे ठिपके मोजण्यासारखे नव्हतेच. साखर सांडावी तसे होते. ते कुणी मोजलेही नव्हते.

धोंडाबाईंचा आवाज आता खाली आला. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. त्यांना दोन मुली होत्या, एकीचं अजून व्हायचं होतं, आणि उद्या कुणी म्हणालं की यांच्या घरात कोड आलंय, तर तिचं काय. "मला पोरगी आवडली व्हती," त्या म्हणाल्या. "पर मागचा गळा बंद ठिवा म्हनली, तवाच माझ्या मनात आलं. आजकालच्या पोरी पाठ उघडी टाकत्यात, अन् ही बंद मागती? काय तरी झाकायचं असंल म्हनूनच की. आन् मग त्यो कागूद बगितला."

"ती तुम्हाला असं म्हणाली? कधी?"

धोंडाबाईंनी बशीत चहा ओतला, आणि रक्तदाबाची गोळी आली का गं म्हणून आतल्या मुलीला हाक मारली. मुलाखत संपली होती.

परतताना साधना मारुंजीच्या बाजूने न जाता सरळ गावाकडे आली. डोक्यात तीन शब्द एकमेकांवर आपटत होते. छापलंय. चौदा. मागचा गळा. फाट्यावर भैरूची मासळीची पाटी होती. धरणाच्या पाण्यातले मासे, वर ओलं गोणपाट. शेजारच्या टपरीवर तिने दोन चहा सांगितले, एक भैरूला.

"मला काळा," भैरू म्हणाला.

"का रे? दुधाने काय केलं तुझं?"

भैरूने आजूबाजूला पाहिलं. जवळ कुणी नव्हतं. "म्याडम, मासं अन् दूध एका पोटात गेलं की काय हुतं, ते तुमी शिकलेल्या हाय, मी काय सांगू. मासं सोडलं तर पोट कशावर भरू? म्हनून दूध सोडलं. मला बी त्येच झालंय न्हवं, कोंडिबाच्या पोरीगत."

"तुला खरूज झाली होती. गेली."

"खरूज गेली. पर दुसरं तुमीच लिवून दिलंय की."

साधनाच्या हातातला कप खाली आला. "तुझा कागद कुठाय?"

भैरूने टोपी काढली. टोपीत चार घड्या घातलेला, माशाचा वास मारणारा केसपेपर होता. साधनाने तो उलगडला. अडीच वर्षं या नोकरीत होती, नवे कागद येऊन अडीच महिने झाले होते. तिने स्वतःचं अक्षर सोडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा फक्त छापलेलं वाचलं.

मग तिने वैष्णवीला फोन केला आणि एवढंच विचारलं, "उद्या सगळ्यांसमोर तुझ्या पाठीबद्दल बोलावं लागेल. चालेल?"

"गावभर झालंय, ताई," वैष्णवी म्हणाली. "तुम्ही बोललात तर निदान बरोबर बोलाल."

६

गुरुवारी अकराला शरदचंद्र साधनाच्या खुर्चीत बसले. कोंडिबा दाराशी उभा राहिला, हात मागे बांधून, कुणाकडे न बघता. वैष्णवी रजा टाकून आली होती. धोंडाबाई रिक्षातून उतरल्या. त्यांच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकची पिशवी, आणि तिच्यात कागद. भैरूला साधनाने बोलावलं होतं. तो वासामुळे बाहेरच्या बाकावर होता. शबनूरला कुणीच बोलावलं नव्हतं, ती होतीच.

"कागद द्या," शरदचंद्र म्हणाले.

"सर, एक मिनिट," साधना म्हणाली. "कागद उघडायच्या आधी त्याच्या मागच्या बाजूला काय आहे ते मी सांगते. चुकलं तर पुढचं ऐकू नका. मागे पेनाने ब्लाउजच्या सूचना आहेत. त्यातली एक आहे, मागचा गळा बंद. अक्षर वैष्णवीचं."

वैष्णवीने तोंडावर हात नेला.

धोंडाबाईंनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मागचा गळा बंद, बाही कोपरापर्यंत, आतून अस्तर. सुरेख अक्षर.

"हा कागद कुणी फोडला नाही," साधना म्हणाली. "वैष्णवी मावशींशी साखरपुड्यानंतर बोललेली नाही, पण मागच्या गळ्याचं मावशींना माहीत आहे. म्हणजे तिने ते लिहून कळवलं. मापाच्या ब्लाउजच्या पिशवीतून. आणि लिहायला तिने पर्समधला पाठकोरा कागद घेतला, घरच्या शिस्तीप्रमाणे."

कोंडिबाने पहिल्यांदा मान वर केली. शिस्त त्याची होती.

"त्ये असू दे," धोंडाबाई म्हणाल्या. "मागचं तिचं. फुडचं कुनाचं? फुडं कोड हाय का न्हाई?"

"आहे," साधना म्हणाली.

शरदचंद्रांनी पेनाचं टोपण काढलं.

"मावशी, तुमची रक्तदाबाची गोळी तुमच्या गावच्या उपकेंद्रातून येते ना? त्याचा कागद आहे जवळ?"

तो होता. कापडी पिशवीत, पैशाच्या बटव्याखाली. साधनाने तो हातात घेतला नाही. "वाचा तुम्हीच," ती म्हणाली. "वरचं छापलेलं. मोठ्याने."

धोंडाबाईंनी कागद लांब धरला. "नाव. धोंडाबाई." मग त्या थांबल्या.

"पुढे वाचा, मावशी."

"कोड," धोंडाबाई म्हणाल्या. "दोन."

"रक्तदाबाचा नंबर दोन," साधना म्हणाली. "वैष्णवीला शिबं, त्याचा नंबर चौदा. चौदा ठिकाणी नव्हे. बाहेर भैरू बसलाय, त्याच्या कागदावर कोड पंधरा, म्हणजे खरूज. त्याने या पायी दूध सोडलंय. कोड म्हणजे इंग्रजीतला नंबर, मावशी. खूण. या कागदाच्या हिशेबाने फेब्रुवारीपासून जो जो दवाखान्यात आला त्याला कोड आहे. मी लिहिलेलं नाही. माझं पेन फक्त चौकटीतल्या आकड्याला लागलंय."

शबनूरने दाराकडून विचारलं की मग लसीकरणाला आणलेल्या बाळांचं काय.

"माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई," धोंडाबाई स्वतःशीच बोलल्या. "रोज बगते ह्यो कागूद."

आपल्याला काय झालंय ते माणसाला माहीत असतं. वाचावं लागतं ते दुसऱ्याचं. साधनाने हे मनात म्हटलं. मोठ्याने म्हणण्यात अर्थ नव्हता. वैष्णवीची गोष्ट उलटी होती. ती दिवसभर ऑफिसात कोडच तपासते. तो शब्द तिच्या डोळ्यांना खुपलाच नव्हता.

"पण आधी तर वेगळं होतं," कोंडिबा म्हणाला. "जुन्या कागदावर काय तरी लांबलचक असायचं."

"सांकेतिक क्रमांक," शरदचंद्र म्हणाले.

ते इतक्या हळू म्हणाले की सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. शरदचंद्र खिडकीबाहेर बघत होते. "लोकांना कळत नव्हतं," ते म्हणाले. "अवघड शब्द होता. सोपा सुचवा असं वरून आलं होतं." त्यांनी प्रशस्तिपत्रकाचा उल्लेख केला नाही. साधनानेही केला नाही, आणि आपण तो केला नाही हे त्यांना दिसेल एवढा वेळ ती त्यांच्याकडे बघत राहिली.

त्यांनी अहवाल तिथेच लिहिला. तक्रारीत तथ्य नाही. मॅडमचं काम यादीप्रमाणे. करार वाढवावा. पाच ओळी, एकही अवघड शब्द नाही.

कोंडिबा पुढे आला. त्याला काय म्हणावं ते सुचेना, म्हणून त्याने आपल्या मानेवर कधीपासून खाजतंय ते साधनाला दाखवलं. माफी मागायची ही पद्धत तिला ओळखीची होती. तिने मान बघितली. तेरा नंबर होता.

धोंडाबाई मात्र दारात घुटमळत होत्या. इंद्रजितचा फोन सकाळपासून चालू झालाय, त्या म्हणाल्या. तो तर पहिल्यापासून म्हणत होता की आई, आधी विचारू. तारीख अजून हातात आहे, मंडपवाल्याला सांगितलेलं नाही. मग त्यांनी वैष्णवीचा हात धरला. "चुकलं गं माझं. आता तुझं तू बग. मी काय म्हनू?"

वैष्णवीने टेबलावरचा कागद उचलला, आपलं अक्षर वाचलं, आणि साधनाकडे हात करून पेन मागितलं. 'मागचा गळा बंद' वर तिने आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: मागचा गळा उघडा, खोल.

"डाग तोवर जाणार नाहीत," ती म्हणाली. "ताईंनी सांगितलंय. ज्यांना मोजायचेत त्यांनी मांडवात मोजावेत. हे चालणार असेल तर टेलरला द्या. नाहीतर ब्लाउज परत पाठवा."

धोंडाबाईंनी कागद घडी करून बटव्यात ठेवला, आपल्या रक्तदाबाच्या कागदाशेजारी. "टेलरनं अजून कापड कापल्यालं न्हाई. जाता जाता देते," त्या म्हणाल्या, आणि रिक्षाकडे गेल्या.

बाहेर भैरूने दोन महिन्यांनी दुधाचा चहा घेतला आणि अर्धा कप झाल्यावर विचारलं की आज मासे विकले तर चालतील ना.

साधनाच्या कराराला अकरा महिन्यांची वाढ मिळाली. केसपेपरवरचा शब्द बदलावा ही शरदचंद्रांची शिफारस वरून मंजूर झाली. नवे कागद जुने संपल्यावर येतील. जुने अठरा हजार शिल्लक आहेत.